आळणी पाणी

खाणीतून बाटल्या वर यायच्या पहाटे चारला,
लोकरी मोज्यांत गुंडाळलेल्या, फुटू नयेत म्हणून.
प्रत्येकीवर तिमोफेयचं गिचमिड अक्षर :
गल्ली सात, खांब एकोणीस, छतातून ठिबक.
बाहेर उणे एकतीस. कामा नदी
पाठीवर ट्रक घेऊन गोठलेली.

माझं काम सोपं होतं.
पाणी काचपात्रात ओतायचं,
मिठाचा एक खडा तोलून आत सोडायचा
आणि वाट पाहायची.
खडा तसाच राहिला, कडा धारदार,
तर वहीत लिहायचं : संपृक्त.
म्हणजे पाणी जेवून आलंय,
आता कणभरही जाणार नाही त्याला.
असं पाणी खांबाला टेकून वर्षभर उभं राहिलं
तरी खांबाचं काही बिघडत नाही.

वडील म्हणायचे, भ्यायचं ते आळणी पाण्याला.
नदीच्या, वितळल्या बर्फाच्या,
ज्याने अजून कशाचीच चव घेतलेली नाही.

चौतीस वर्षं त्यांनी खाली मीठ कापलं.
पांढरं खारट, लाल कडू;
दिवा विझला तर जिभेने भिंत ओळखायचे.
कापताना मधेमधे खांब सोडायचे, घराएवढे,
आणि त्या खांबांवर आमचं गाव :
शाळा, पावाची भट्टी, दवाखाना,
चौथ्या मजल्यावर मी आणि माझा तराजू.

कारखान्यात दोन्ही मिठं उकळत्या पाण्यात जायची.
पाणी तापलं की लाल मिठाला त्यात कितीतरी जागा होते.
पांढऱ्याला ऊन काय, गार काय, सारखंच.
मग द्रावण निववायचं, आणि लाल मीठ
लाली गाळात टाकून, पांढरं होऊन
आपलं आपण तळाशी बसायचं.
यावरून मला माणसांबद्दल काहीतरी सुचायचं,
तेवढ्यात बाटल्या यायच्या, राहून जायचं.

चहात वडील पाचवा चमचा घालून ढवळत बसत.
मी म्हणायचे, ढवळून लवकर विरघळतं,
जास्त मावत नाही.
ते म्हणायचे, मग गरम कर.

फेब्रुवारीत, मंगळवारी, खांब एकोणीस.
खडा सोडला. पात्र दिव्यासमोर धरलं :
खड्यातून तेलासारख्या रेघा खाली उतरत होत्या,
कडा गोल होत होत्या, साबणाच्या वडीसारख्या.
पाणी कुठेतरी मुरत होतं
आणि या वेळी ही नुसती म्हण नव्हती.
फोनवर साहेब म्हणाले, फैरूझा, पुन्हा मोज.
मोजायला खडा उरला नव्हता.

त्यांनी खाली टनांनी खारं पाणी सोडलं,
दारात आलेल्या भुकेल्याला
आधी जेवू घालावं तसं.
पण मागे अख्खी नदी उभी होती.
एप्रिलमध्ये बस आल्या. मे महिन्यात
शाळेचं अंगण गेलं, झोपाळ्यासकट,
रात्री, फारसा आवाज न करता.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
वडिलांनी एकदाच विचारलं,
आपण त्याला खाल्लं, ते आपल्याला जागलं,
हे उलटं नाही का झालं?
मग चमचा शोधायला लागले.

आता आम्ही नदीपलीकडे, पाचव्या मजल्यावर.
खिडकीत त्यांनी कापलेला लाल मिठाचा ठोकळा,
दमट दिवसांत घामेजतो,
म्हणून खाली जुनं वर्तमानपत्र.
किटली ठेवली की उकळायच्या आधीच
तळाशी बारीक बुडबुडे धरतात :
पाणी ऊन व्हायला लागलं
की पहिल्यांदा हवा निघून जाते.

पहाटे चारला जाग येते.
नळाचं पाणी पेल्यात घेते, मिठाचा खडा सोडते.
नळाचंच पाणी, विरघळणारच.
तरी अंधारात वही चाचपते.